उलट्या घडीचं पुडकं

नाव: किनुको ताजिरी. वय: ७६ वर्षे. धंदा: हातरुमाल व पंख्यांचे दुकान. राहणार: दुकानाच्या माडीवर, मोतोमाची पेठ, कोबे. कुटुंबात कोण कोण, असे विचारले असता: पती नऊ वर्षांपूर्वी वारले, बाकी कोणी नाही.

समक्ष हजर राहून सांगते की, आमच्या पेठेत बंदरावरून माणसे फिरायला येतात, काचेतून बघतात आणि पुढे जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परवा मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास एक इसम आला, तो मात्र पुढे सरकेना. वय पन्नाशीचे, टोपी कपाळापर्यंत ओढलेली, तोंडाला मास्क. माल सोडून माडीच्या खिडकीकडे बघत होता. मी बाहेर येऊन विचारले, "काय हवंय?" तर मान लववून चालू लागला.

काल त्याच वेळी पुन्हा हजर. समोरचे चहापत्तीवाले इसाका खवचटपणे म्हणाले, "वहिनी, तुमचा पाहुणा आला बरं का! आत तरी बोलवा." मी म्हटले, "तुम्हीच बोलवा, आणि पाजा चहा फुकट." पण मला हसू आले नाही. तीन महिने झाले, दुकान विका म्हणून जागेच्या दलालांची पत्रे येतात. हा त्यांचाच माणूस, जागा हेरायला पाठवलेला, असा माझा संशय आहे. बोळात शिरून तो मागचे दारही बघून आला, हे इसाकांनी पाहिले.

आज सकाळी दहाला दुकान उघडायला गेले तर दाराच्या कडीला पिशवी. आत हे पुडके. कागद आमच्याच दुकानाचा, निळ्या लाटांचा. तो छापणे बंद होऊन वीस वर्षे झाली. चोरल्याशिवाय कुठून आला? आणि घडी उलट. भेटवस्तूचा कागद कोणत्या बाजूने मिटायचा आणि दुखवट्याचा कोणत्या, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. हा दुखवट्याचा होता. म्हातारे, तुझे दिवस भरले, हाच निरोप ना? न उघडता तसेच चौकीत आणून दिले.

हवालदार नागाई यांनी माझ्यासमोर पुडके उघडले. आत पितळी किल्ली निघाली, लाल दोरा बांधलेली. ओळखता का, असे विचारले असता मी पाणी मागितले.

पाणी पिऊन सांगते की, दोरा मी बांधलेला आहे. किल्ली मागच्या दाराची. माझा मुलगा रेन्झो डावखुरा आहे. पुडके बांधताना त्याची घडी नेहमी उलट पडे. तो बावीस वर्षांचा असताना भर गिऱ्हाइकांत त्याचे वडील ओरडले, "सणासुदीला लोकांच्या घरी सुतक पाठवतोस? हो चालता!" तो त्याच दुपारी गेला, ही किल्ली त्याच्या खिशातच राहिली. मी शेजारीच उभी होते. काही बोलले नाही. त्याला सत्तावीस वर्षे झाली.

वर कुटुंबात कोणी नाही असे सांगितले, ते खोटे आहे. हवालदार म्हणाले, "आजी, 'चुकून सांगितलं' असं लिहू?" मी म्हटले, "नको, खोटंच लिहा." तक्रार मागे घेते. शोध मात्र थांबवू नये. सापडल्यास त्याच्यावर आवाज चढवू नये. किल्ली त्यालाच परत द्यावी. कुलूप मी बदललेले नाही.

जबाब मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सहीचा शिक्का घाईत दुकानात राहिला, म्हणून अंगठा उठवला आहे.