कुप्यावरची जकात

...आणि वर ढोल बडवायला लावले हो आम्हाला! राजधानी मालेहून सरकारी माणूस आला, छाती फुगवून म्हणाला, "अभिनंदन! गरीब देशांच्या यादीतून मालदीव बाहेर!" अख्खं बेट नाचलं. आणि मग आला आमचा मासा घेणाऱ्या कंपनीवाल्याचा फोन... "मानिकू, गरीब देश म्हणून जकात माफ होती. आता तुमच्या कुप्यावर, म्हणजे ट्यूनावर, युरोपात जकात. भाव उतरवावा लागेल." का? तर आम्ही गरीब उरलो नाही! तुम्हाला सांगतो, मी तोच, होडी तीच, इंजिन तर माझ्या सासऱ्यापेक्षा जास्त खोकतं... मग श्रीमंत झालं कोण? मासा?

बरं, पलीकडच्या देशाचं जहाज गावाएवढं जाळं टाकून पिल्लांसकट समुद्र उपसतं, त्यांचा युरोपशी करार, म्हणून त्याला माफी! आम्ही बांबूच्या गळानं एकेक कुपा ओढतो, मणके एकमेकांशी भांडायला लागतात, आणि आम्हाला जकात! का? तर आम्ही गरीब उरलो नाही! जावई शफीग म्हणतो, "मामा, आपणही जाळं घेऊ." म्हटलं, "घे! आणि तुझ्या पोरांना मासा चित्रात दाखव!" गळ सोडणार नाही म्हणजे नाही.

तेवढ्यात युरोपातला साहेब आमच्या मासेमारीच्या पाहणीला आला. भला माणूस हो. पहाटे होडीत घातला, हातात बांबू दिला. पहिलाच कुपा उडाला तो थेट साहेबाच्या छातीवर! म्हटलं, "साहेब, नीट बघा. हा गरीब की श्रीमंत?" साहेब छाती चोळत म्हणतो, "मला पटतंय हो, मानिकू. पण नियम देश बघतो, मासा बघत नाही." अरे, मग तुमच्या लोकांनी देशच खावा की! मासा कशाला मागता?

घरी बायकोनं, आमच्या नाशिदानं, माशाचं सार वाढलं, तर साहेब वाटी चाटायचा तेवढा राहिला. जाताना सोयऱ्याधायऱ्यांसाठी सुक्या कुप्याचं पोतं बांधून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा समुद्रावर. भाव पडलेला, कंबर धरलेली, शफीग पुटपुटतोय... पण हातात बांबूच!

आणि परवा साहेबाचा फोन! मला वाटलं, नियम बदलला. गप्प बसा रे, म्हणून सगळ्यांना फोनभोवती गोळा केलं. साहेब बारीक आवाजात म्हणतो, "मानिकू, आमच्या विमानतळावर तुमच्या पोत्यावर मलाच जकात भरायला लावली हो."

म्हटलं, "पुढच्या खेपेला इथेच पोटभर खाऊन जा, साहेब."