मृत म्हणून नोंदलेल्या सागबागेबाबत

मी, खाली सही करणारी, वय ४४ वर्षे, व्यवसाय ऑडिटर, राहणार टपाल कचेरीसमोरील इमारत, दुसरा मजला, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती व सासूबाई यांच्यासह राहते. त्याच इमारतीत तळमजल्यावर आमचे ऑडिटचे कार्यालय आहे. माझे थोरले बंधू व मी असे दोघे मिळून ते चालवतो. मी त्यांना दादा म्हणते व या जबाबातही तसेच म्हटले आहे.

दादा स्वभावाने संशयी आहेत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आमचे वडील हसतमुख माणसावर चटकन विश्वास ठेवत, आणि अशाच एका माणसाच्या कारखान्यात पैसे घालून त्यांनी राहते घर गमावले. दादा तेव्हा कॉलेजात होते. तेव्हापासून समोरचा हसून बोलू लागला की दादांचे पेन थांबते. कोणाचा नफा वाढलेला दिसला की ते गोदामात जाऊन पोती स्वतः उघडून बघतात. बाजारातले लोक त्यांना मागून ‘एक्स-रे’ म्हणतात. त्यांचे नाव झाले ते याच स्वभावामुळे.

सागबाग कंपनीचे ऑडिट आमच्याकडे पाच वर्षांपासून आहे. ही कंपनी लोकांकडून पैसे घेऊन सागाची लागवड करते. झाडे वाढून तोडली की लाकडाच्या किमतीतून प्रत्येकाला त्याच्या हिश्शाप्रमाणे वाटा मिळायचा आहे. हिस्सेदार बहुतेक निवृत्त माणसे आहेत. कंपनीचे मालक साठीच्या आसपासचे, हळू बोलणारे, साध्या कपड्यांतले गृहस्थ आहेत. त्यांना कधी कशाची बढाई मारताना मी ऐकलेले नाही.

मागील वर्षी आमचे काम सुरू होण्याआधीच मालक आपणहून कार्यालयात आले. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून सागाच्या मुळाचा तुकडा काढून दादांच्या टेबलावर ठेवला. तो काळा पडलेला व भुसभुशीत होता. बोटाने दाबला की पाणी सुटत होते. ते म्हणाले, “साहेब, तुमच्यापासून काय लपवू? मूळकूज लागली. बाग गेली.” त्यांचे डोळे भरून आले होते. दादांनी स्वतः उठून त्यांना पाणी आणून दिले. दादांनी कोणा ग्राहकाला स्वतः पाणी दिल्याचे मी प्रथमच पाहिले.

मालकांनी झाडांच्या रोगांच्या एका जाणकाराचा अहवालही दिला. रोग बुटांच्या मातीतून पसरतो, सबब बागेत कोणी पाऊल टाकू नये, असे त्यात लिहिले होते. सोबत फोटो होते. त्यांत झाडांवर एकही पान नव्हते.

मी दादांना विचारले की, आपण एकदा जाऊन बघायचे का. दादा म्हणाले, “अगं, स्वतःचं नुकसान कोण वाढवून सांगेल? नफा फुगवणारे ढिगाने पाहिलेत मी. तोटा फुगवणारा एक दाखव.” मला दाखवता आला नाही. आमच्या धंद्यात चांगली बातमी पुराव्याशिवाय कोणी घेत नाही. वाईट बातमीला तेवढा पुरावा मागायची पद्धत नाही. दादांनी बागेची किंमत जवळपास शून्य धरून अहवालावर सही केली.

तो अहवाल हिस्सेदारांना गेल्यावर काही दिवसांत त्यांना दुसऱ्या एका कंपनीचे पत्र आले. जमीन तरी उपयोगी पडेल म्हणून तुमचे हिस्से आम्ही मूळ किमतीच्या दहाव्या भागाला घेतो, मुदत यंदाच्या वार्षिक सभेपर्यंत, असा त्यातला मजकूर होता. ती कंपनी मालकांच्या मेव्हण्याची असल्याचे मला आज इथे ठाण्यातच कळले.

लोकांनी भराभर विकले. आमच्या वरच्या मजल्यावरील बुकबाइंडर काकांनी सगळेच्या सगळे हिस्से विकले. मी जिन्यात त्यांना भेटले तेव्हा म्हणाले, “एक्स-रेने सही केली म्हणजे विषय संपला. हाताला लागेल ते घेऊन मोकळं झालेलं बरं.” आम्ही ऑडिटर असल्याने विका किंवा ठेवा असे कोणाला सांगू शकत नाही.

सभेच्या आधीच्या आठवड्यात एक बाई कार्यालयात आल्या. त्या तरण तलावावर पोहायला शिकवत असत, आता निवृत्त आहेत. सगळे त्यांना तलावाच्या बाई म्हणतात. उंच, रुंद खांद्यांच्या, आवाज मोठा. त्यांनी दादांना सांगितले की, त्यांचे हिस्से अजून विकलेले नाहीत, आणि विकण्याआधी त्यांना आपली झाडे बघायची आहेत. दादांनी रोगाचे कारण सांगितले. बाई म्हणाल्या, “मग बूट काढून जाते. मेलेलं असलं तरी एकदा बघायला नको का?” दादा त्यांना म्हणाले की, तुमच्यासारख्या आशावादी लोकांमुळेच ठगांचे फावते. बाईंनी ते मनावर घेतले नाही. उलट हसून सांगितले की, याआधी दोन कंपन्यांत त्या अशाच शेवटपर्यंत बसून राहिल्या आणि दोन्ही वेळा खरोखर बुडाल्या.

हे मी मुद्दाम सांगत आहे. बाईंना काही ठाऊक होते असे नाही. त्यांचा स्वभाव तसा आहे, इतकेच.

मी दादांना म्हटले की, यंदाचा अहवाल लिहायचाच आहे, तर पाहणी आपल्या अधिकारातच आहे. मी बाईंना घेऊन जाते. दादा म्हणाले की, तू एकटी गेलीस तर त्या तुला कोंबही झाड म्हणून दाखवतील. असे म्हणून तेही निघाले. आमच्याच गाडीने तिघे गेलो. दादा गाडी चालवत होते.

वाटेत मी बाईंना विचारले की, सगळे विकत असताना तुम्हाला भीती कशी वाटली नाही. त्या म्हणाल्या, “ताई, मी आयुष्यभर माणसं पाण्यात उतरवली. घाबरलेला माणूस काहीतरी घट्ट धरतोच. पण काठ हाताशी असला तरी तो काठ धरत नाही, शेजारच्याचा गळा धरतो. म्हणून सगळे एकदम एका बाजूला हात टाकायला लागले की मी आधी काठ कुठं आहे ते बघते.”

सकाळी दहाच्या सुमारास आम्ही बागेच्या फाटकाशी पोचलो. रखवालदाराने आम्हाला अडवले. दादांनी ऑडिटचे पत्र दाखवल्यावर त्याने फाटक उघडले, परंतु स्वतः आत आला नाही. त्याला आत जायची मनाई होती, कामगार मागच्या बाजूने येतात, असे त्याने सांगितले. आम्ही औषधाच्या पाण्यात बूट बुडवून वर पिशव्या बांधल्या.

फाटकापासूनचा पहिला तुकडा पूर्ण मेलेला होता. खोडे काळी, साली गळून पडलेल्या, काही झाडे मुळासकट आडवी. ओलसर कुजका वास होता. दादांनी फोटो काढले व म्हणाले की, झाले समाधान? चला. त्यांच्या आवाजात दुःख नव्हते. आपले बरोबर ठरले की माणसाचा आवाज होतो तसा तो होता.

बाई मात्र थांबल्या नाहीत. त्या समोरच्या चढावर चालू लागल्या. मी त्यांच्यामागे गेले. चढ संपल्यावर खालच्या बाजूला एक उथळ ओढा आहे. ओढ्याच्या पलीकडे बाग होती.

याबाबत काय सांगावे हे मला नीट समजत नाही, तरी आपण विचारल्यावरून सांगते. सगळी झाडे उभी होती. मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय शेंडा दिसत नव्हता. पाने ताटाएवढी. वर बारीक पांढरा फुलोरा होता व तो आमच्या डोक्यावर, खांद्यांवर आवाज न करता पडत होता. ओळी इतक्या सरळ होत्या की एक पाऊल टाकले की समोर नवी वाट उघडायची आणि आधीची मिटायची. कुठेही तोंड केले तरी शेवट दिसत नव्हता. मी त्या बागेची किंमत जवळपास शून्य लिहिलेला कागद वर्षभर कपाटात सांभाळला होता. ती झाडे त्या वर्षभरातही वाढत होती. आम्ही काय लिहिले याचा त्यांना पत्ताही नव्हता. मला तिथे मोठ्याने बोलता आले नाही. बाईंचा आवाज मोठा आहे, परंतु त्याही कुजबुजत होत्या.

दादा चढावर येऊन उभे राहिले होते. ते खाली यायला वेळ लागला. आल्यावर त्यांनी एका झाडाला हात लावला, मग टेप काढून खोडाचा घेर मोजला, मग पुढच्याचा. मला वाटले, ते हिशेब करत आहेत. काही वेळाने माझ्या लक्षात आले की, दादा मेलेले झाड शोधत आहेत. ते ओळी बदलत होते, लांबच्या कोपऱ्यांत जात होते, मुळाशी बसून माती उकरत होते, साल नखाने खरवडत होते. प्रत्येक ठिकाणी साल खाली हिरवी निघत होती. दुपार उलटेपर्यंत ते हिंडले. त्यांना ओढ्याच्या पलीकडे एकही मेलेले झाड सापडले नाही.

तेव्हा बाईंनी एक कोवळे पान तोडून दादांच्या तळहातावर चुरडले. सागाच्या पानाने हात लाल होतो. दादा त्या हाताकडे बघत एका झाडाला टेकून खाली बसले. त्यांचा शर्ट घामाने भिजला होता. ते मला म्हणाले, “फोटो पानगळीतले होते गं. साग तेव्हा उघडाच असतो. हे शाळेतल्या पोराला कळतं. मला का नाही कळलं?” मग तेच म्हणाले, “तो रडवेला आला ना, म्हणून. हसत आला असता तर मी त्याच दिवशी इथं आलो असतो.”

परत येताना गाडी मी चालवली.

पुढील आठवड्यात शाळेच्या सभागृहात वार्षिक सभा झाली. मालक व्यासपीठावर होते. ते नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले की, ज्यांना विकायचे आहे त्यांच्यासाठी आज शेवटचा दिवस आहे, मी कोणालाही आग्रह करणार नाही. दारापाशी टेबल मांडून दोघे सह्या घेत होते व त्यापुढे रांग लागली होती. दादा उठून पुढे गेले. दादांना चारचौघांत बोलायची सवय नाही. ते म्हणाले, “मागच्या वर्षीच्या अहवालावर माझी सही आहे. ती चुकीची आहे. बाग न बघता मी सही केली. आता बघून आलोय. फाटकाजवळचा एक तुकडा सोडला तर बाग उभी आहे. कोणीही विकू नका, असं ऑडिटरनं म्हणायचं नसतं. पण आधी जाऊन बघा, एवढं मी म्हणणार.”

सभागृहात कोणी ओरडले नाही. रांगेतली माणसे एकेक करून आपल्या खुर्चीवर येऊन बसली. बुकबाइंडर काका मागच्या ओळीत होते. ते बसूनच होते. त्यांच्याकडे विकायला काही उरले नव्हते.

सभा मोडल्यावर मालक आमच्याजवळ आले. ते चिडलेले नव्हते. ते दादांना म्हणाले, “साहेब, मी फार खोटं बोललोच नाही. एक कोपरा दाखवला. तुम्हाला वाईट बातमी हवीच होती, ती मी आणून दिली. बाकीचं काम तुमच्या सहीनं केलं.” हे शब्द मी स्वतः ऐकले आहेत. इतकी वर्षे दादांसोबत काम करून मला त्यांचा स्वभाव जितका कळला नव्हता, तितका या माणसाला कळला होता. याचे मला आजही आश्चर्य वाटते व ते मी लपवत नाही.

आपण विचारल्यावरून सांगते की, रोगाच्या जाणकाराला फक्त पुढचाच तुकडा दाखवला होता व त्याचा अहवाल त्या तुकड्यापुरता खरा आहे, असे त्याने मला फोनवर सांगितले. हिस्से विकलेल्यांनी आपल्याकडे तक्रार दिली असून ते परत मिळावेत अशी त्यांची मागणी आहे. पहिली सही बुकबाइंडर काकांची आहे. त्यांना तक्रार दादांनी लिहून दिली. ती लिहीपर्यंत दोघे एकाच टेबलाशी बसले होते. काकांनी दादांना चहा विचारला, असे काकूंकडून मला समजले.

दादांचा जबाब माझ्यानंतर घ्यायचा आहे व ते बाहेर बाकावर बसले आहेत. आत येण्यापूर्वी त्यांनी मला सांगितले की, माझ्याबद्दल जे आहे ते सांग, भावाचे म्हणून कमी करू नकोस. मी कमी केलेले नाही.

माझा जबाब मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्यात ओढ्यापलीकडच्या बागेबद्दल ‘झाडे मृत नसल्याचे आढळले’ असे लिहिले होते. ते खोडून ‘सगळी झाडे उभी होती’ असे लिहिण्यास मी सांगितले व तसे लिहिण्यात आले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच व खरा आहे, म्हणून सही करते.