डोक्यातले घरजावई

—नाही हो मास्तर, डोकं उघडत नाहीत, उगाच कवटी धरून बसू नका. बारीक भोक पाडतात, भिंतीत खिळा ठोकायला पाडतो तेवढं, आणि त्यातून सुईनं पेशी आत सोडतात. मी शुद्धीवर आलो तर सर्जन म्हणाले, आजोबा, आत सगळं व्यवस्थित आहे. म्हटलं, म्हणजे आत काहीतरी सापडलं? आमच्या बायकोला सांगा, ती लग्नापासून रिकामंच आहे म्हणतेय! — हसलात, बरं झालं. उद्या तुमची पाळी, आजच हसून घ्या.

आजार तुमचा-माझा एकच. मेंदूतल्या तारांवर खोळ असते, तिला ते मायलिन म्हणतात, ती आपली झिजली. मेंदू म्हणतो पाय उचल, तर निरोप वाटेतच गळतो. पायाला मुंगी चावली तर तक्रार वरपर्यंत पोचत नाही. ह्या नव्या पेशींनी आत पसरायचं आणि तारांना नवी खोळ घालायची. घालतात का? मला काय विचारता, मी त्यांना घरजावई म्हणतो! परक्या घरचे, आयते आत घेतलेले, घरच्यांनी, म्हणजे आपल्याच शरीरानं, हाकलू नये म्हणून आपण रोज गोळ्या गिळायच्या — आणि आत ते राबतायत की लोळतायत, महिनोन्‌महिने कुणाला पत्ता नाही. मी ओळखतो ना ही जात, मी स्वतः घरजावई. सासऱ्यांचं गाद्या-उशांच्या खोळी शिवायचं दुकान. मी काय करायचो? गिऱ्हाइकाच्या उशीत खुळखुळा शिवून द्यायचो. रात्री कूस बदलली की वाजायचा! शेवटी एकदा मी धड खोळ शिवली, तर सासऱ्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि आत काहीच सापडेना म्हणून घाबरून खालीच बसले. तर लागतात घरजावई कामाला — उशिरा लागतात एवढंच.

माझे? माझे तर एक नंबर! ती टाचणीवाली डॉक्टरीण येते ना, डोळे मिटा म्हणते, तळपायाला टाचणी लावते, कळलं का विचारते. मी लगेच — डावा अंगठा! उजवी टाच! एकही चुकत नाही. ती खूश, बायको खूश, वॉर्डभर सांगत फिरते, ह्यांना कळायला लागलं हो. आणि गंमत सांगू? बायको डबा धुवायला नळावर गेलीय, तोवर सांगून घेतो. ती बसते पायथ्याशी. मी एक डोळा किलकिला ठेवतो. टाचणी माझ्या डाव्या पायाला लागली की हिचा डावा पाय आखडतो, उजव्याला लागली की उजवा! आणि तोंड असं करते, जणू तिलाच भोसकलं. मी आपला तिच्या पायाकडे बघून उत्तरं देतो. आहे की नाही? एवढी परीक्षा घेतात पण बायकोला बाहेर काढायचं त्यांना सुचत नाही—

काठी कशाला शोधताय? बसा हो. असं बघू नका माझ्याकडे. माहितीये मला. तुम्ही ऑपरेशनला नाही म्हणत होतात, आणि आमचीच बया तुमच्या घरी बोलली, ह्यांना गुण आला, तुम्हीही करून घ्या. माहितीये म्हणून तर — अहो, मी पहिल्यांदा सहज केलं, थट्टा म्हणून. पण त्या दिवशी ती किती दिवसांनी पोटभर जेवली. मग पुढच्या वेळी कसं म्हणणार, काही कळत नाही म्हणून? सांगा ना. एका टाचणीसाठी बायकोला उपाशी ठेवू? — हो, सांगतो मी डॉक्टरीणबाईंना. तुम्हाला आत न्यायच्या आधी सांगतो. शप्पथ — बरं, माझ्या शपथेला कोण विचारतो म्हणा.

पण सोपं नसतं हो ते सोंग, तुम्हाला वाटतं काय! हे बघा, आधी दोन्ही डोळे असे घट्ट मिटायचे, डॉक्टरीण वाकली की मग एक हळूच — अहो मास्तर, पायाला कसला हात लावताय, शिकवणारा माणूस तुम्ही! आणि हात केवढा गार. ओला पण आहे—

थांबा. तुम्ही उशाशी आहात. आत्ता इथंच खोकलात.

डोळे उघडत नाही मी. डाव्या अंगठ्यावर आहे. आता टाचेवर सरकला. आता — काढला. काढू नकोस. ठेव परत.

कधी आलीस गं?... सगळं ऐकलंस? बरं. चीड, हवं तेवढं चीड, पण हे खरं होतं! नाटक कसलं, घट्ट मिटले होते डोळे, तुला बघायला मी काय — अगं, रडतेस कशाला, तुझ्या हातातल्या डब्याची शप्पथ! ह्यांना विचार. मास्तर, मघापासून गप्प बसलात ते बसलात — आता तरी बोला की हो!