वायंडिंग

आयसीयूबाहेर बसलेल्या द्वारकाबाईंना शेजारच्या बाकावरच्या ऋतुराजची मघापासून चीड येत होती. आई संध्याकाळ बघायची नाही, असं डॉक्टर त्याला सरळ सांगून गेले होते. आणि हा पठ्ठ्या फुलंब्रीहून आलेल्या बापापुढं मोटारीची गोष्ट लावून बसला होता.

“अण्णा, आपली विहिरीवरची मोटार असती ना? तशी आईची आतली वायंडिंग जळालीय.”

“मंग भरून घ्यायची. आपली तीनदा भरली.”

“ही लई जुनी हाय, अण्णा.”

“तांबं चांगलं घाला म्हनावं. छावणीतला मोटारवाला चांदपाशा एका दिसात भरून देतो.”

“इथं येळ लागंल.”

“लागू दे की. मोटार टाकल्यावर दुकानात बसून ऱ्हायचं नसतं. मी गावाकडं जातो, म्हशीची धार काढतो, उद्या येतो.”

म्हातारा पिशवी घेऊन उठला. ऋतुराज खाली मान घालून “बरं” म्हणाला.

द्वारकाबाईंनी काठी आडवी धरली.

“बसा दादा,” म्हणाल्या, आणि पोराकडं वळल्या. “तुझ्यानं बोलवत नाय म्हणून त्याला घरी धाडतोस व्हय रं? भेकड हायेस. ‘आई मरतीय’ म्हण, अन् त्याला आत तिच्यापाशी ने.”