ताजी अडचण

विकास बँकेच्या बाहेरच्या खोलीत फरशी पुसणाऱ्या मावशींना इंटर्नशिपच्या मुलाखतीला आलेली सगळी पोरं सारखीच दिसायची. आज दोघंच उरली होती, एक टायवाला आणि एक फाइलवाली.

“सगळ्या जगाची गरिबी हटवायची, आणि इंटर्न घेणार फक्त दोन?” फाइलवाली म्हणाली.

“दोघांत हटत असेल.”

“अर्जात गरिबांमधला अनुभव किती लिहिलायस?”

“सहा महिने.”

“आणि खरा?”

“दोन दिवस. दुसऱ्या दिवशी बस चुकली.”

“म्हणजे एकच.”

“तुझं सांग.”

“माझा प्रबंधच आहे, सार्वजनिक नळांवरच्या रांगांवर. एकशे चाळीस पानं.”

“कधी उभी राहिलीस रांगेत?”

“ऊन किती होतं! गाडीत बसून माणसं मोजली.”

“अगं, आतली ती चष्मेवाली खोदून खोदून विचारते म्हणे. शेवटचं कुठल्या गरजू माणसाशी बोललात आणि तो काय म्हणाला, शब्द न् शब्द.”

“मेले! माझ्याकडे नुसते तक्ते आहेत.”

“माझ्याकडे तेही नाहीत.”

मग दोघांच्याही माना एकदमच मावशींकडे वळल्या.

“मावशी, बसा ना जरा.”

“ओल्यावर?”

“तुमच्याशी बोलायचंय. तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती? अगदी मोकळेपणानं सांगा.”

फाइलवालीनं पेनाचं टोपण काढलं. टायवाला पुढे झुकला.

“लिहून घेताय?” मावशींनी फडकं पिळलं.

“हो, शब्द न् शब्द.”

“मग लिहा. पाय वर घ्या.”