केळीच्या खांबाचा तुकडा

फैजपूरहून जळगावला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक तरुण बाप बसला होता. त्याची मुलगी खांद्यावर डोकं टेकून झोपलेली. शेजारच्या म्हातारीने त्याला विचारलं,

"पोरीचे केस ओले कसे रे भाऊ?"

"मळ्यातल्या हौदात पोहायला नेलं होतं अक्का. मोबाईलवर बघून मीच शिकवतो."

"पोहणं बी मोबाईलवर? तू कसा शिकला?"

"माझ्या आबांनी विहिरीत ढकलून दिलं होतं. पोहायला आलं, पण नंतर कितीतरी दिवस आबांजवळ जायचीच भीती वाटायची. या माझ्या भूमिकाचं तसं नको."

"मग मोबाईल काय सांगतो?"

"कमरेला फोमची फळी बांधा म्हणतो. ती कुठून आणू? बागेतला केळीचा खांब कापला अन् तोच बांधला."

"झ्याक तरंगतो की तो!"

"तरंगतो. पण मी रोज तिच्या नकळत थोडा थोडा छाटतो. आता वीतभर राहिलाय."

"अरे देवा! एवढ्याशा तुकड्यानं माणूस तरंगतं का कुठं?"

"हळू बोला अक्का. तिला वाटतं, त्याच्यामुळेच आपण बुडत नाही."

मुलीने डोळे न उघडताच म्हटलं,

"मला माहीत आहे, आजी. परवा पाण्यात तो सुटला, तरी मी पोहतच होते. पप्पा घाबरतील म्हणून मीच गुपचूप परत दोरीत खोचला."