जुन्या गाडीतला डबा

सर्बियातल्या निश शहरात एका गॅरेजात मी नंबर लावून बसलो होतो. माझ्यापुढे देसांका काकू होत्या. मेकॅनिक ल्युबिशा हातात एक इलेक्ट्रॉनिक डबा घेऊन आला.

“काकू, तुमच्या गाडीचं कंट्रोल मॉड्यूल जळालंय. दुसऱ्या गाडीतून काढलेलं हे बसवतो.”

“त्या गाडीला काय झालं?”

“ट्रकला धडकली.”

“आणि चालवणारा?”

“डबा अगदी ठणठणीत आहे, काकू.”

“मी डब्याचं विचारत नाहीये. माझी नात चालवते ही गाडी. तो माणूस वाचला का?”

“वाचला.”

“सांगोवांगी नको. कुणी पाहिलंय त्याला?”

“तुम्हीच बघताय की. माझीच गाडी होती ती.”

“मग जरा चालून दाखव.”

ल्युबिशा दारापर्यंत जाऊन आला.

“ठीक आहे, बसव. आणि ब्रेकही तपास. स्वतःचे तपासले नव्हतेस, ते कळलं.”